सहा नमुने, एक वंशावळ

मद्रासहून बंगळुरूकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर काटपाडी जंक्शन लागतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला, म्हणजे सीएमसीला जाणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक इथे उतरतात आणि रिक्षा करतात. फेब्रुवारी १९८६मध्ये रात्रीच्या गाडीने आलेलं एक जोडपंही असंच उतरलं, पण उपचारासाठी नव्हे. बत्तीस वर्षांच्या सेल्लप्पन निर्मला मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. सोबत त्यांचे यजमान होते आणि सामानात होते ऐंशी जणींच्या रक्ताचे नमुने.

त्या रक्तात जे शोधायचं होतं ते भारतात नाहीच, अशी बहुतेकांची खात्री होती. एड्सची पहिली नोंद अमेरिकेत जून १९८१मध्ये छापली गेली. १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक मोंतान्ये यांच्या गटाने त्यामागचा विषाणू, आज ज्याला एचआयव्ही म्हणतात तो, वेगळा काढला आणि १९८५मध्ये रक्ताची चाचणी उपलब्ध झाली. आपल्याकडचा सूर असा होता, की हा पाश्चात्त्यांच्या मोकळ्या राहणीचा रोग आहे, आपली कुटुंबव्यवस्था त्याला उंबरठ्याबाहेर ठेवील. तोवर देशात झालेल्या तपासण्यांत एकही नमुना पॉझिटिव्ह आला नव्हता. त्यामुळे या समजुतीला प्रयोगशाळेचाही आधार मिळत होता.

निर्मला यांना प्रबंधासाठी हा विषय सुचवला त्यांच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणारं त्यांचं घर मराठी, आणि आठ भावंडांत मुलगी एकच. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात प्रशिक्षण आणि काम करून १९७३मध्ये त्या मद्रासला परतल्या. त्यांचे पती व्हिक्टर सॉलोमन हृदयशल्यविशारद होते. नव्या रोगाविषयी परदेशी नियतकालिकांत जे येई ते सुनीतीबाई वाचत होत्या. इतर देशांत झपाट्याने पसरणारा विषाणू आपल्या बंदरांच्या शहरांना वगळून जाईल, हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं. एकही नमुना पॉझिटिव्ह येत नाही, याचा अर्थ आपण चुकीच्या जागी शोधतो आहोत असाही असू शकतो, हा त्यांचा तर्क.

निर्मला लहान गावातल्या पारंपरिक घरात वाढलेल्या, पदरी दोन लहान मुलं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना गाठून रक्त मागायचं, या कल्पनेनेच त्या कचरल्या. यजमानांनी धीर दिला. शिवाय मद्रासमध्ये मुंबईच्या कामाठीपुऱ्यासारखी ठरावीक वस्ती नव्हती. तेव्हा निर्मला सरकारी जनरल हॉस्पिटलात जाऊ लागल्या. तिथे गुप्तरोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या स्त्रियांशी ओळखी झाल्या आणि त्यांच्याकडून कळलं, की पोलिसांनी पकडलेल्या बायका सरकारी सुधारगृहात ठेवल्या जातात. मग कामाला जाताना यजमान त्यांना स्कूटरवरून सुधारगृहाच्या दारात सोडू लागले.

तीन महिन्यांत ऐंशी नमुने जमले. हातमोजे नव्हते, खबरदारीची कुठलीच साधनं नव्हती. रक्त कशासाठी घेतलं जातंय, हे त्या स्त्रियांना सांगितलं गेलं नाही. आज असं करता येणार नाही. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहिती देऊन घेतलेली संमती बंधनकारक केली आहे. तेव्हा तसा नियम नव्हता, आणि कैदेतल्या बाईला नकार देता येतो असं तिला स्वतःलाही वाटत नसणार. या शोधाचा पाया ज्यांच्या रक्तावर उभा आहे, त्यांची नावं कुठल्याही शोधनिबंधात नाहीत.

सॉलोमन दांपत्याने उसनी उपकरणं आणून छोटीशी प्रयोगशाळा उभी केली. तिथे सुनीतीबाई आणि निर्मला रक्तातून सीरम वेगळं करत. ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून निर्मला यांच्या घरच्या फ्रीजमध्ये ते राहिलं. चाचणीची सोय मद्रासमध्ये नव्हती. ती होती वेल्लोरला.

सीएमसीच्या विषाणुशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. जेकब जॉन यांनी दोन तरुण सहकारी मदतीला दिले, जॉर्ज बाबू आणि एरिक सिमॉइस. सकाळी साडेआठला काम सुरू झालं. एलायझा चाचणीची रीत अशी: प्लास्टिकच्या पट्टीवर छोटे खळगे असतात आणि त्यांच्या तळाला विषाणूची प्रथिनं चिकटवलेली असतात. त्यात सीरम घालायचं. त्या माणसाच्या शरीराने या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवली असतील तर ती तळाला घट्ट बसतात. मग सगळं धुऊन काढायचं आणि शेवटी एक रसायन घालायचं. प्रतिपिंडं असतील तिथे रंग उमटतो, नसतील तिथे द्रव तसाच राहतो.

दुपारी वीज गेली. थांबण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून सगळे चहाला गेले. परत आल्यावर जॉर्ज बाबूंनी झाकण उघडलं आणि झटकन बंद केलं. पण शेजारी उभ्या निर्मला यांनी तेवढ्यात पाहिलं होतं. सहा खळगे पिवळे झाले होते.

सिमॉइस आले, त्यांनी पाहिलं. जेकब जॉन धावत आले. निकाल कुणालाही सांगायचा नाही, असं ठरलं. निर्मला मद्रासला परतल्या आणि त्यांनी सुनीतीबाईंना सांगितलं. एका चाचणीवर एवढं मोठं विधान करता येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून सुनीतीबाई, निर्मला, जॉर्ज बाबू आणि सिमॉइस सुधारगृहात गेले, त्याच सहा स्त्रियांचं रक्त पुन्हा घेतलं आणि सिमॉइस ते घेऊन अमेरिकेला गेले. तिथल्या वेस्टर्न ब्लॉट या अधिक काटेकोर चाचणीने शिक्कामोर्तब केलं. पंतप्रधान राजीव गांधींपर्यंत बातमी गेली. मे महिन्यात तामिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हंडे यांनी विधानसभेत निवेदन केलं, तेव्हा सुनीतीबाई आणि निर्मला प्रेक्षक सज्जात बसल्या होत्या. त्यानंतर आधी अविश्वास आणि मग संताप. मद्रासमध्ये जन्मलेल्या सुनीतीबाईंना ‘उत्तरेकडची बाई आम्हाला घाणेरडं ठरवते’ या अर्थाची बोलणीही ऐकावी लागली.

भारतात एचआयव्ही सापडल्याची गोष्ट बहुतेक वेळा इथे संपते. पण त्या सहा नमुन्यांतला विषाणू पॅरिसमधल्या विषाणूची हुबेहूब प्रत नव्हता. हा विषाणू जिथे जातो तिथे बदलतो, आणि किती बदलला यावरून तो कुठून आणि केव्हा आला हे कळतं. तपासाचा पुढचा टप्पा म्हणजे त्याची वंशावळ.

अशी वंशावळ पोथ्यांचीही लावता येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९मध्ये हाती घेतली आणि १९६६मध्ये पुरी केली. तिथल्या पंडितांपुढे शेकडो हस्तलिखितं होती आणि प्रत्येकात पाठभेद होते. नक्कल करणाऱ्याने एक चूक केली की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत ती उतरते. म्हणून एकच चूक दोन पोथ्यांत दिसली तर त्यांचं मूळ एक असण्याचा संभव मोठा. जीवशास्त्रज्ञ विषाणूंच्या बाबतीत हेच करतात. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर सुमारे ९,७०० अक्षरांचा. निरनिराळ्या रुग्णांतल्या विषाणूंचे मजकूर शेजारी ठेवायचे, सामाईक चुका शोधायच्या आणि फांद्या जोडत मुळाकडे जायचं. इथे आणखी एक सोय आहे. या चुका ढोबळमानाने ठरावीक गतीने साचतात, त्यामुळे दोन फांद्या कधी फुटल्या याचा अंदाज वर्षांत मांडता येतो.

ही वंशावळ मागे नेली तेव्हा ती माणसांपाशी थांबली नाही. जगभर पसरलेल्या एचआयव्ही-१च्या मुख्य गटाचा सर्वांत जवळचा नातलग मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींमध्ये सापडला. २००६मध्ये त्याचा माग आग्नेय कॅमेरूनच्या जंगलांपर्यंत लागला. किन्शासा शहरात १९५९ आणि १९६०मध्ये घेऊन ठेवलेले दोन जुने नमुने तपासल्यावर त्यांच्यात आधीच खूप अंतर पडलेलं दिसलं. त्यावरून २००८मध्ये मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की या गटाचा समान पूर्वज विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असावा. जगाने ज्याला १९८१मध्ये नवा रोग म्हटलं, त्याचा विषाणू तोवर अनेक दशकं माणसांत वावरत होता.

भारताची फांदीही अशीच वाचली गेली. आपल्याकडचे बहुसंख्य विषाणू सी या उपप्रकारातले आहेत आणि त्यांचं जवळचं नातं आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या विषाणूंशी आहे. त्यांतले बरेचसे एकाच फांदीवर बसतात, आणि संशोधकांच्या अंदाजाने त्या फांदीचा पूर्वज १९७०च्या दशकाच्या आसपासचा. म्हणजे हा रोग आपल्याकडे यायचा नाही असं लिहिलं जात होतं, तेव्हा तो येऊन बरीच वर्षं झाली असावीत. वेल्लोरचे सहा खळगे पिवळे झाले ते या घराण्याच्या कितीतरी पिढ्या इथे नांदल्यानंतर.

पिढ्या म्हणजे किती? उत्क्रांती म्हटलं की डायनोसॉर, जीवाश्म आणि कोट्यवधी वर्षं डोळ्यांसमोर येतात. पण उत्क्रांतीला लागतात त्या तीनच गोष्टी: नकला, नकलांतल्या चुका आणि कुणाच्या नकला अधिक टिकतात यातला फरक. एचआयव्हीपाशी या तिन्हींची रेलचेल आहे. त्याची एक पिढी सुमारे अडीच दिवसांची, म्हणजे वर्षाला सुमारे १४० पिढ्या. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर तेवढ्या पिढ्या मागे जायला साडेतीन हजार वर्षं लागतील. आपण जोर्वे-इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या काळात पोचू. नक्कल करणारं त्याचं विकर, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, साधारण तीस हजार अक्षरांमागे एक चूक करतं आणि झालेली चूक तपासत नाही. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे कण बनतात. बहुतेक वाया जातात. पण एका अक्षराचा जो म्हणून बदल शक्य आहे, तो त्या गर्दीत रोज कुठेतरी होऊन जातो.

याचा अर्थ काय, हे डॉक्टरांना १९८०च्या दशकाच्या अखेरीस कळलं. मार्च १९८७मध्ये अमेरिकेने झिडोव्ह्युडिन हे पहिलं औषध मंजूर केलं. रुग्ण सुधारायचे, काही महिने बरे जायचे आणि मग औषधाचा जोर ओसरायचा. १९८९मध्ये ब्रेंडन लार्डर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सहा महिन्यांहून अधिक काळ औषध घेतलेल्या रुग्णांतले विषाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले आहेत. ‘विषाणू औषध ओळखायला शिकला’ असं आपण सहज म्हणतो, पण विषाणू काहीच शिकत नाही. बदललेल्या अक्षराचे काही कण गर्दीत आधीच होते किंवा चुकून तयार होत होते. औषधाने बाकीच्यांच्या नकला थांबवल्या आणि मैदान या थोड्यांना मोकळं झालं. डार्विनने १८५९मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड हीच. फरक इतकाच, की ती सुईने काढलेल्या रक्तात, एकाच रुग्णात, सहा महिन्यांत घडताना दिसत होती.

लॅमिव्ह्युडिन या औषधाची हकिकत तर आणखी बोलकी. त्याला निष्प्रभ करायला विषाणूला एकच बदल पुरतो: विकराच्या १८४व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल. हा बदल झालेला विषाणू औषधासमोर टिकतो, पण त्याची नक्कल करण्याची ताकद मंदावते. औषध थांबवलं की न बदललेले पुन्हा वरचढ होतात. म्हणजे बदललेला विषाणू ‘प्रगत’ नव्हता, तो त्या परिस्थितीपुरता सरस होता. परिस्थिती बदलली की सरस कोण, हेही बदलतं. उत्क्रांती म्हणजे पायरीपायरीने वर चढणं, हा समज मोडायला ही एकच जागा पुरेशी आहे.

हे कळल्यावर उपायही त्याच हिशेबातून निघाला. एका औषधाविरुद्धचा बदल तीस हजारांत एकदा होत असेल, तर तीन वेगवेगळ्या औषधांविरुद्धचे तीन बदल एकाच नकलेत एकदम होण्याची शक्यता सत्तावीस लाख कोटींत एक. शिवाय तीन औषधं मिळून रोजच्या नकलाच इतक्या घटवतात, की ती सोडत निघण्याची वेळच सहसा येत नाही. १९९६पासून तीन औषधांचा एकत्र उपचार रूढ झाला आणि मृत्यू झपाट्याने उतरले.

मद्रास त्याच वर्षी अधिकृतपणे चेन्नई झालं. तोवर सुनीतीबाई मेडिकल कॉलेज सोडून १९९३मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे सेंटर फॉर एड्स रिसर्च अँड एज्युकेशन ही संस्था काढून बसल्या होत्या. लोक तिला वायआरजी केअर म्हणतात. पण तीन औषधांची किंमत चेन्नईतल्या सामान्य रुग्णाच्या आवाक्यापलीकडची होती. ज्याला परवडे तो काही महिने घेई, मग पैसे संपत. दोन औषधं घ्यायची, एक सोडायचं, असंही चाले, आणि विषाणूला हवी ती फट तिथेच मिळे. २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला आणि जगभरची गणितं बदलली. एप्रिल २००४मध्ये सरकारने मोफत उपचार सुरू केला. पहिल्या केंद्रांमध्ये चेन्नईजवळचं तांबरमचं सरकारी छातीरोग रुग्णालय होतं. वायआरजी केअरच्या प्रयोगशाळेने औषध लागू न पडणाऱ्या रुग्णांतल्या विषाणूंचे मजकूर वाचायला घेतले, तेव्हा सगळ्यांत जास्त वेळा सापडला तो १८४व्या जागेचाच बदल.

औषधांनी घडवलेला बदल समजण्यासारखा होता. पण २०१२मध्ये छापून आलेल्या एका निबंधाने दाखवलं, की औषधाचा संबंध नसतानाही भारतातला विषाणू बदलतो आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत संशोधन केंद्रात उदयकुमार रंगा यांचा गट सी उपप्रकाराच्या मजकुरातला सुरुवातीचा भाग तपासत होता. विषाणूच्या नकला केव्हा आणि किती जोराने निघायच्या, हे तिथे ठरतं. आपल्या पेशींतलं एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन त्या भागातल्या ठरावीक जागांवर येऊन बसतं आणि नक्कल सुरू होते. इतर बहुतेक उपप्रकारांत अशा दोन जागा असतात, सी उपप्रकारात तीन. रंगांच्या गटाला चार जागा असलेले विषाणू सापडले, आणि दशकभरात त्यांचं प्रमाण वाढत चाललं होतं. प्रयोगशाळेत तीन जागांच्या विषाणूसमोर चार जागांचा सोडला की चारवाला पुढे जाई. ज्या रुग्णांत दोन्ही एकत्र होते तिथेही तोच वरचढ, आणि चार जागांच्या विषाणूची लागण झालेल्यांच्या रक्तात विषाणूचं प्रमाण अधिक.

या निबंधाच्या लेखकांत वायआरजी केअरचे संशोधक आहेत, आणि त्यांत एक नाव सुनीती सॉलोमन यांचं आहे. १९८६मध्ये ज्यांनी हा विषाणू इथे आहे हे दाखवलं, त्यांनीच सव्वीस वर्षांनी तो आता तोच राहिलेला नाही, हेही दाखवायला हातभार लावला. इतकी वर्षं एकाच शहरात, त्याच रोगाच्या रुग्णांमध्ये राहून काम केल्याशिवाय दुसरं विधान करता आलं नसतं. विषाणू एकदा सापडतो, पण त्याचा बदल पाहायचा तर वर्षानुवर्षं नमुने जपावे लागतात.

सुनीतीबाई जुलै २०१५मध्ये गेल्या. २०१७मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. निर्मला यांनी १९८७मध्ये प्रबंध सादर केला आणि गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लसनिर्मितीच्या कामात रुजू होऊन त्या २०१०मध्ये निवृत्त झाल्या.

इतक्या वेगाने बदलणाऱ्या शत्रूला रोखणार कसं, याचं उत्तरही काही अंशी चेन्नईतूनच आलं. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. त्यात भारतातून चेन्नईची वायआरजी केअर आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होत्या. २०११मध्ये निकाल आला: लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. त्याचं कारण या सगळ्या हकिकतीत आलंच आहे. बदलायला चुका लागतात, चुकांना नकला लागतात आणि रोज नियमाने घेतलेली औषधं नेमक्या नकलाच थांबवतात. विषाणू काही पेशींत दडून राहतो, त्यामुळे औषध जन्मभर घ्यावं लागतं. पण रक्तात तो मोजता येणार नाही इतका कमी झाला, की त्या माणसापुरती नवी पिढी निघत नाही, आणि पिढी नाही तर उत्क्रांतीही नाही. आज देशात पंचवीस लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगत आहेत. सरकारी केंद्राच्या खिडकीवर पुढच्या महिन्याच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या तर शंभर वर्षं जंगलापासून शहरांपर्यंत बदलत आलेलं एक घराणं त्या शरीरात जागच्या जागी थांबतं. गोळ्यांचा पुरवठा खंडला, तर ते जिथे थांबलं होतं तिथून पुढे बदलू लागतं.